वाचकांचे प्रश्न : समुद्रमार्गे येणारे कापड आणि त्याचे कागद

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत परदेशी कापडाच्या आयातीविषयीची पत्रे बरीच आहेत. भिवंडी, इचलकरंजी, नाशिक, पुणे अशा निरनिराळ्या ठिकाणांहून ती आली असली, तरी माल न्हावा शेव्याला उतरल्यावर अडकला, आता काय करावे, ही विचारणा बहुतेकांत आहे. उत्तरे देण्यापूर्वी इतकेच सांगतो, की कापडाच्या आयातीतली बहुतेक अडचण विक्रेत्याने इनव्हॉइसवर कापडाचे वर्णन लिहिले त्याच दिवशी जन्माला आलेली असते आणि बंदरात पोचेपर्यंत तिला व्याज लागलेले असते. म्हणून खालच्या उत्तरांत मी जहाज सुटण्याआधीच्या दिवसांविषयी अधिक लिहिले आहे.

प्रश्न : मी पहिल्यांदाच चीनमधून पॉलिएस्टर कापडाचा एक कंटेनर मागवत आहे. कोणकोणते कागद लागतील आणि ते कोणत्या क्रमाने तयार ठेवावेत? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : सर्वांत आधी आपल्या फर्मच्या नावाने आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे ज्याला सगळे आयईसी म्हणतात तो, विदेश व्यापार महासंचालनालयाकडून घेतलेला असावा. जीएसटी आल्यापासून तो पॅन क्रमांकाशी जोडलेला आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन पडताळून अद्ययावत करावी लागते. काहीही बदल नसला तरी हे करावेच लागते, नाहीतर संकेतांक निष्क्रिय होतो. माल वाटेत असताना आयईसी बंद पडलेला आढळणे हे टाळता येण्याजोगे संकट आहे, आणि तरीही दर पावसाळ्यात कोणीतरी त्यात सापडतो.

मालासोबतचे मूळ कागद चार : इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती) आणि विम्याचा कागद. सवलतीचा दर मागायचा असेल तर मूळ देशाचे प्रमाणपत्र, आणि कापड रंगवलेले किंवा छापील असेल तर रंगांच्या तपासणीचा दाखला. आपल्या वतीने काम करणाऱ्या कस्टम्स ब्रोकरला, ज्याला बंदरात आजही सगळे सीएचए म्हणतात, अधिकारपत्र आणि ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. तो हे सगळे ई-संचित या प्रणालीत चढवतो आणि आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बिल ऑफ एन्ट्री दाखल करतो. बिल ऑफ एन्ट्री हे सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४६ खालचे विवरण आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द आपला मानला जातो. २०११ पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आले, म्हणजे वर्गीकरण, किंमत आणि दर ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची झाली. ‘सीएचएने भरले, मला माहीत नव्हते’ हे म्हणणे सुनावणीत टिकत नाही. म्हणून दाखल होण्यापूर्वीचा मसुदा, ज्याला चेकलिस्ट म्हणतात, तो मागवून घ्यावा, ओळ न ओळ वाचावा आणि मगच मंजुरी द्यावी. मोबाइलवर आलेल्या फोटोवर एका नजरेत ‘ओके’ लिहून पाठवू नये.

वेळेविषयी आता नियम कडक आहे. जहाज ज्या दिवशी पोचेल त्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एन्ट्री दाखल झालेली असली पाहिजे आणि त्यात सुट्टीचे दिवसही धरले जातात. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकारले जातात. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून ती दाखल करता येते, त्यामुळे इनव्हॉइस आणि बीएलची प्रत हाती आली की थांबण्याचे कारण नाही. शुल्क भरण्यास उशीर झाला तर त्यावर वर्षाला १५ टक्के दराने व्याज चढते, ते वेगळेच.

प्रश्न : आम्ही ‘पीसी शर्टिंग’ या वर्णनाने कापड मागवले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवालात शीर्षक वेगळे निघाले. कापड तेच आहे, मग आमचे काय चुकले? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या पत्रासोबत आलेला इनव्हॉइस मी पाहिला. त्यात कापडाविषयी ‘पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) शर्टिंग, ५८ इंच’ एवढेच आहे. इचलकरंजीच्या बाजारात या तीन शब्दांवर सौदा होतो, कारण समोरचा माणूस कापड हातात घेऊन बघतो. बिल ऑफ एन्ट्री तपासणारा अधिकारी मात्र आता न्हावा शेव्यात बसलेला असेलच असे नाही. २०२० पासून फेसलेस पद्धत आली आणि आपला कागद चेन्नई किंवा कोलकात्याच्या अधिकाऱ्यापुढेही उघडू शकतो. त्याला दिसते ते फक्त वर्णन.

कापडाचे शीर्षक, म्हणजे शुल्क-यादीतला चार आकडी वर्ग (पहिले दोन आकडे प्रकरणाचे), ठरवताना अधिकाऱ्याला पाच गोष्टी हव्या असतात. विणलेले की होजिअरीसारखे गुंफलेले, तंतू कोणते आणि वजनाने किती टक्के, कृत्रिम असल्यास फिलामेंट (अखंड लांब तंतू) की स्टेपल (आखूड तंतू), ग्रे म्हणजे कोरे आहे, पांढरे केलेले, रंगवलेले, रंगीत सुताचे की छापील, आणि प्रति चौरस मीटर वजन. कॉटनचे प्रमाण ८५ टक्के किंवा अधिक आणि वजन २०० ग्रॅमपर्यंत असेल तर शीर्षक ५२०८, त्याहून जड असेल तर ५२०९. कॉटन बहुसंख्य पण ८५ टक्क्यांहून कमी आणि सोबत मुख्यतः कृत्रिम तंतू असतील तर २०० ग्रॅमपर्यंत ५२१० आणि त्यापुढे ५२११. पॉलिएस्टर स्टेपल बहुसंख्य, पण तेही ८५ टक्क्यांहून कमी आणि जोडीला मुख्यतः कॉटन असेल, तर प्रकरण ५५ लागते, आणि तिथे वजनाची सीमारेषा २०० नसून १७० ग्रॅम आहे : त्या आत ५५१३, त्याबाहेर ५५१४. हा २०० आणि १७० चा फरक अनेक अनुभवी माणसांच्याही लक्षात राहत नाही.

आपल्या अहवालात कॉटन ४० टक्के, पॉलिएस्टर फिलामेंट ३५ टक्के आणि व्हिस्कोस स्टेपल २५ टक्के आले आहे. आपण कॉटन सर्वांत जास्त म्हणून प्रकरण ५२ धरले, आणि वरवर पाहता ते बरोबरही वाटते. परंतु शुल्क-यादीच्या विभाग ११ च्या, म्हणजे कापड विभागाच्या, टिपांत असे आहे, की प्रकरण ५४ आणि ५५ यांच्यासोबत दुसरे एखादे प्रकरण विचारात येते तेव्हा ही दोन्ही मिळून एकच प्रकरण मानायचे. म्हणजे ३५ आणि २५ मिळून ६० टक्के कृत्रिम तंतू झाले, कॉटन मागे पडले, आणि कृत्रिमांत फिलामेंट जास्त असल्यामुळे कापड प्रकरण ५४ मध्ये गेले. प्रयोगशाळेचा निष्कर्ष मला योग्य वाटतो. मिलने कळवलेली टक्केवारी इनव्हॉइसवर स्पष्ट लिहिली असती, तर ही टीप आधीच लागू करता आली असती आणि चुकीच्या वर्णनाचा ठपका टळला असता.

वजनाविषयीही एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या पॅकिंग लिस्टमध्ये ‘२८० ग्रॅम’ असे आहे. अनेक मिल चालू मीटरचे वजन लिहितात, चौरस मीटरचे नव्हे. ५८ इंच पन्हा म्हणजे १.४७३ मीटर, २८० ला त्याने भागले की चौरस मीटरला १९० ग्रॅम येतात. हेच २८० ग्रॅम ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचे असते, तर चौरस मीटरला २५० ग्रॅम झाले असते, आणि कॉटन बहुसंख्य असलेल्या कापडाचे त्यामुळे शीर्षकच बदलते. माझ्या टेबलावर अजूनही एक गोल जीएसएम (प्रति चौरस मीटर ग्रॅम) कटर असतो. तो कापडावर ठेवून दाबून फिरवला की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापली जाते. ती नाजूक काट्यावर १.९ ग्रॅम भरली तर त्याला १०० ने गुणून १९० ग्रॅम. ताग्याच्या दोन टोकांच्या आणि मधल्या अशा तीन चकत्या काढल्या की फसगत होत नाही. विक्रेत्याकडून ऑर्डरपूर्वी नमुना येतोच, तेव्हाच हे करून घ्यावे. त्याच नमुन्याचा एक धागा काढून काडीने जाळून पाहिला, तर कॉटन कागदासारखे जळून राख होते आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण शंभर टक्के कॉटन म्हणून आलेल्या नमुन्यात असा मणी दिसला, तर पैसे पाठवण्याआधी थांबावे.

आता आपल्यापुढचा मार्ग. अहवाल मान्य नसेल तर फेरतपासणीची मागणी लेखी आणि विनाविलंब करावी. माल अडकून पडू नये म्हणून कलम १८ खाली तात्पुरत्या निर्धारणाची विनंती करता येते. त्यात बंधपत्र आणि हमी द्यावी लागते, पण कापड गोदामात पोचते. अंतिम आदेश प्रतिकूल आला तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. आपल्या बाबतीत मात्र मी अपिलाचा सल्ला देणार नाही. शुल्कातील फरक भरावा आणि पुढच्या ऑर्डरसाठी वर्णन असे लिहून घ्यावे : ‘विणलेले, रंगीत सुताचे, कॉटन ४० टक्के, पॉलिएस्टर फिलामेंट ३५ टक्के, व्हिस्कोस स्टेपल २५ टक्के, प्रति चौरस मीटर १९० ग्रॅम, पन्हा ५८ इंच.’ त्याखाली हवे तर ‘पीसी शर्टिंग’ राहू द्या.

प्रश्न : रेनकोटसाठी पीयू (पॉलियुरेथेन) लेप दिलेले पॉलिएस्टर कापड आणतो. सीएचए एकदा ५४०७ लावतो, एकदा ५९०३. खरे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : लेप उघड्या डोळ्यांना दिसतो की नाही, यावर ते ठरते. प्लॅस्टिकचा लेप असलेले कापड ५९०३ मध्ये जाते, परंतु लेप साध्या नजरेला दिसत नसेल तर कापड आपल्या मूळ प्रकरणातच, इथे ५४०७ मध्ये, राहते, आणि लेपामुळे केवळ रंगात पडलेला फरक यासाठी धरायचा नसतो. पाणी झिरपत नाही एवढ्यावरून लेप ‘दिसतो’ असे होत नाही. कापडाची उलटी बाजू खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहावी : विणीची छिद्रे बुजून सलग पापुद्रा चमकत असेल तर ५९०३ चा दावा बळकट आहे. एकाच कापडाला दोन वेळा दोन शीर्षके लावणे ही मात्र स्वतःहून चौकशी ओढवून घेण्याची रीत आहे. शंका कायम असेल तर आयात करण्यापूर्वी मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्याचा निर्णय अर्जदारावर आणि विभागावर दोघांवर बंधनकारक असतो.

प्रश्न : होजिअरीचे कापड स्टॉक लॉटमधून (मिलकडे उरलेल्या मालातून) खरोखरच स्वस्त मिळाले, पण अधिकारी किंमत मान्य करत नाहीत. शिवाय शुल्कही आमच्या हिशेबापेक्षा फार जास्त आले. – एक वाचक, भिवंडी

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

शुल्काचे आधी पाहू. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात गुंफलेल्या कापडाच्या नऊ शुल्क-ओळींवर मूळ सीमाशुल्क ‘२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते’ असे केले गेले. आपले कापड ६००६ खालच्या त्याच ओळींपैकी एका ओळीत आहे. आपली किंमत किलोला ३०० रुपये. त्याचे २० टक्के ६० रुपये होतात, पण ११५ अधिक आहेत म्हणून ११५ लागले, म्हणजे प्रत्यक्षात ३८ टक्क्यांहून जास्त. किलोला ५७५ रुपयांहून कमी किमतीचे कोणतेही कापड या ओळींत आले की हाच प्रकार होणार. विणलेल्या कापडाच्याही अनेक ओळींवर अशी टक्केवारी आणि ठरावीक रुपये यांची जोडी आहे. म्हणून स्वस्त कापडाचा हिशेब नुसत्या टक्क्यांत कधीच करू नये. शुल्क वजनावर येते तेव्हा पॅकिंग लिस्टमधील निव्वळ वजन अचूक हवे. पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे वेष्टन त्यात मिसळलेले असेल, तर आपण पुठ्ठ्यावर किलोमागे ११५ रुपये भरत असता.

आता किंमत. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांतील नियम १२ खाली अधिकाऱ्याला घोषित किमतीविषयी वाजवी शंका असेल तर तो खुलासा मागू शकतो. तशाच मालाची त्याच सुमाराला झालेली आयात तो पडताळतो, आणि आपली किंमत त्याहून फार खाली असेल तर शंका येणे स्वाभाविक आहे. शंका म्हणजे निकाल नव्हे. स्टॉक लॉट खरा असेल तर तो कागदावर दिसला पाहिजे : मिश्र रंग, तुटक लांबीचे तुकडे, दोषयुक्त माल असे वर्णन, सौद्याचा ईमेल, प्रोफॉर्मा, बँकेतून रक्कम गेल्याची स्विफ्टची प्रत. पॅकिंग लिस्टमध्ये मात्र प्रत्येक रोल नेमका १०० मीटरचा आणि एकाच रंगाचा असेल, तर ‘स्टॉक लॉट’ या शब्दावर कोण विश्वास ठेवील? आपल्या कागदांत नेमके हेच झाले आहे. विक्रेत्याने नेहमीचीच तयार यादी उचलून भरली असावी. त्याच्याकडून प्रत्यक्ष रोलनिहाय यादी मागवा, मालाची तपासणी आपणहून मागा आणि तपासणीचा शेरा खुलाशाला जोडा. किंमत नाकारली गेली तर कारणांसह लेखी आदेश मागण्याचा आपला अधिकार आहे.

याच पत्रात भाड्याचा उल्लेख ओझरता आहे, पण तो दुर्लक्षून चालणार नाही. सौदा एफओबी, म्हणजे भाडे आणि विमा वगळून जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीचा, असेल तर भाडे आणि विमा मिळवूनच शुल्कासाठीची किंमत ठरते. त्यांचे कागद नसतील तर भाडे एफओबी किमतीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. वीस लाखांच्या मालावर ते चार लाख आणि साडेबावीस हजार झाले. प्रत्यक्ष भाडे नव्वद हजार असेल तर उरलेल्या तीन लाख दहा हजारांवर आपण विनाकारण शुल्क भरता, आणि तेही केवळ फ्रेट सर्टिफिकेट वेळेवर मागितले नाही म्हणून.

प्रश्न : व्हिएतनामच्या कापडावर ‘एआय’ फॉर्म असताना सवलत का नाकारली? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘एआय’ फॉर्म, म्हणजे भारत-आसियान कराराखालचे मूळ देशाचे प्रमाणपत्र, हा पुरावा आहे, पण २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो एकटा पुरेसा नाही. कापड तिथे कसे घडले याची माहिती आयातदाराजवळ असावी लागते, विचारल्यावर द्यावी लागते आणि पाच वर्षे जपावी लागते. आसियान कराराचा सर्वसाधारण निकष दुहेरी आहे : उपशीर्षक बदलले पाहिजे आणि किमतीतला किमान ३५ टक्के भाग करारातील देशांत निर्माण झालेला असला पाहिजे. चीनचे ग्रे कापड व्हिएतनाममध्ये नेऊन रंगवले तर उपशीर्षक बदलते, पण ३५ टक्के भरतीलच असे नाही. आपल्याला विचारलेला प्रश्न हाच होता आणि आपण उत्तरादाखल पुन्हा फॉर्मचीच प्रत पाठवली. मिलकडून सुताचा स्रोत आणि खर्चाची फोड घ्यावी. मिल देत नसेल, तर पुढच्या वेळी पूर्ण दराने हिशेब करून सौदा परवडतो का ते पाहावे.

प्रश्न : बांगलादेशातून तयार कपडे आम्ही रस्त्याने आणत होतो. आता ट्रक सीमेवरूनच परत पाठवतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : १७ मे २०२५ च्या अधिसूचनेने बांगलादेशातील तयार कपड्यांची आयात भूमार्गाने बंद झाली आणि ती न्हावा शेवा व कोलकाता या दोन सागरी बंदरांतूनच करण्याची अट आली. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरची सवलत ही वेगळी गोष्ट आहे, परंतु मार्ग चुकला तर तिचा उपयोग होत नाही. आपल्या पुरवठादाराला चट्टग्रामहून कंटेनर भरण्यास सांगावे आणि बीएलवर उतरण्याचे बंदर न्हावा शेवा असेच लिहून घ्यावे.

प्रश्न : कंटेनर येऊन अकरा दिवस झाले. मूळ बीएल बँकेतून आलेले नाही, डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) मिळत नाही, आणि जहाज कंपनी व सीएफएस (बंदराबाहेरचे कंटेनर-गोदाम) दोघांचे भाडे चढते आहे. – एक वाचक, मालेगाव

उत्तर : आपली अडचण तातडीची आहे, म्हणून आज काय करता येईल ते आधी लिहितो. विक्रेत्याचे पैसे पूर्ण पोचले असतील, तर त्याने तिकडच्या जहाज कार्यालयात मूळ तिन्ही प्रती जमा करून बीएल ‘सरेंडर’ करावे. तसा संदेश इकडच्या कार्यालयाला आला की मूळ प्रतीशिवाय डीओ मिळते. कागद बँकेमार्फत येत असतील, तर आपल्या बँकेकडून जहाज कंपनीच्या नावे हमीपत्र घेऊन माल सोडवता येतो. यांपैकी काय शक्य आहे ते आजच्या आज फोनवर ठरवावे. बिल ऑफ एन्ट्री दाखल झाली नसेल तर डीओसाठी थांबू नये. तिला मूळ बीएल लागत नाही, आणि विलंबाचे शुल्क स्वतंत्रपणे चालूच आहे. उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर कलम ४८ खाली नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार माल सांभाळणाऱ्याला मिळतो, हेही ध्यानात असू द्यावे.

जहाज कंपनी कंटेनर अडवून ठेवल्याबद्दल डिटेन्शन घेते आणि सीएफएस जागेचे भाडे घेते. ही दोन वेगळी बिले आहेत आणि दोघांकडे सवलतीचा अर्ज वेगवेगळा करावा लागतो. विलंब सीमाशुल्क तपासणीमुळे झाला असेल, तर तसे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळू शकते. आपल्या बाबतीत विलंब कागदांचा आहे, त्यामुळे ते मिळणार नाही. तरीही माल सुटण्याआधीच बोलणी करावीत, कारण पैसे भरून झाल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

आणखी एक गोष्ट मला आपल्या कागदांत दिसली. बीएलवर फर्मचे नाव ‘टेक्सटाइल’ आहे आणि आयईसीवर ‘टेक्सटाइल्स’. जहाजाच्या मॅनिफेस्टमध्येही, म्हणजे मालाच्या यादीतही, चुकलेलेच नाव गेले असणार. डीओ हाती येईपर्यंतच्या दिवसांत जहाज कंपनीकडून मॅनिफेस्टची दुरुस्ती मागवून घ्या, म्हणजे बँकेचे कागद आल्यावर त्या एका अक्षरासाठी पुन्हा चार दिवस जाणार नाहीत. बीएलचा मसुदा विक्रेत्याला जहाज सुटण्याआधी मिळतो. पुढच्या ऑर्डरला तो मागवा आणि नाव, पत्ता, आयईसी, जीएसटी क्रमांक, रोलची संख्या आणि वजन इनव्हॉइसशी जुळवून मगच होकार कळवा.